जनुकीय अहवालावर सही कोणाची?

अमेरिकेतील जनुकीय प्रयोगशाळेचे संचालकपद, त्यासाठी लागणारे मंडळाचे प्रमाणपत्र आणि त्यामागील जबाबदारी

रक्ताचा नमुना घेतला जातो, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी अहवाल हाती येतो आणि त्यातील एका ओळीवर कुटुंबाचे पुढचे निर्णय अवलंबून राहतात. गर्भ ठेवायचा की नाही, शस्त्रक्रिया करायची की नाही, भावंडांची तपासणी करायची की नाही, अशा प्रश्नांची उत्तरे जनुकीय चाचणीच्या अहवालात शोधली जातात. साखरेची किंवा हिमोग्लोबिनची तपासणी शंकास्पद वाटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते. जनुकीय चाचणी मात्र बहुधा आयुष्यात एकदाच होते आणि तिचा निष्कर्ष रुग्णाबरोबरच त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांनाही लागू पडतो. म्हणूनच या अहवालाखाली सही करण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर कायदा आणि व्यावसायिक प्रमाणपत्र यांची सांगड घालून दिले आहे. तेथे वैद्यकीय पदवी नसलेली, परंतु जीवशास्त्रात पीएच.डी. केलेली व्यक्तीही जनुकीय रोगनिदान प्रयोगशाळेची संचालक होऊ शकते. त्यासाठी मान्यताप्राप्त मंडळाचे प्रमाणपत्र मात्र अनिवार्य आहे. जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्र घेऊन पुढे जाणाऱ्या आणि रुग्णसेवेची ओढ असलेल्या विद्यार्थ्यांना या वाटेची माहिती असणे उपयुक्त आहे.

संचालक नेमके काय करतो?

प्रयोगशाळेचा संचालक म्हणजे यंत्रांची देखरेख करणारा व्यवस्थापक, असा एक गैरसमज आढळतो. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने प्रयोगशाळेतील प्रत्येक कृतीची अंतिम जबाबदारी संचालकाची असते. कोणती चाचणी सुरू करायची, ती सुरू करण्यापूर्वी तिची अचूकता कशी तपासायची, कोणत्या तंत्रज्ञाला कोणते काम द्यायचे, नियंत्रण नमुन्यांचे निकाल बिघडल्यास अहवाल रोखायचे की नाही, हे सर्व त्याला ठरवावे लागते. कामाच्या लेखी कार्यपद्धतींना त्याची मंजुरी लागते. काही कामे तो पात्र सहकाऱ्यांकडे सोपवू शकतो. ती नीट झाली की नाही, याचे उत्तर मात्र त्यालाच द्यावे लागते.

जनुकीय प्रयोगशाळेत याखेरीज अर्थनिर्णयाचे मोठे काम असते. यंत्र केवळ डीएनएतील अक्षरांचा क्रम दाखवते. तो क्रम सर्वसाधारण क्रमापेक्षा वेगळा असल्यास त्या वेगळेपणाचा रुग्णाच्या आजाराशी संबंध आहे काय, हे माणसालाच ठरवावे लागते. गर्भजलाच्या नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या आहेत काय, शरीरातील काही पेशींतच दोष असून बाकीच्या निर्दोष आहेत काय, कुटुंबाच्या तपासणीत सांगितलेले नाते आणि जनुकीय नाते जुळत नसल्यास ते डॉक्टरांना कोणत्या शब्दांत कळवायचे, असे प्रश्न नित्याचे असतात. डॉक्टरांचा दूरध्वनी घेणे आणि अहवालाचा अर्थ समजावून सांगणे हाही या कामाचाच भाग होय.

कायदा कसा आला?

अमेरिकेत प्रयोगशाळांविषयीचा पहिला केंद्रीय कायदा १९६७ मध्ये झाला. त्याची व्याप्ती मुख्यतः आंतरराज्य व्यापार करणाऱ्या प्रयोगशाळांपुरती होती. १९८७ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चे वार्ताहर वॉल्ट बोग्दानिच यांनी वैद्यकीय प्रयोगशाळांतील निष्काळजीपणावर लेखमाला लिहिली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी केल्या जाणाऱ्या पॅप चाचणीच्या काचपट्ट्या घाईघाईने, नगावर मोबदला देऊन तपासून घेतल्या जात असल्याचे त्यातून उघड झाले. कर्करोग नसल्याचा निर्वाळा मिळालेल्या काही स्त्रियांना प्रत्यक्षात तो होता. या लेखमालेला १९८८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षाच्या ३१ ऑक्टोबरला ‘क्लिनिकल लॅबोरेटरी इम्प्रूव्हमेंट अमेंडमेंट्स’ या कायद्यावर अध्यक्षांची सही झाली. व्यवसायात तो ‘क्लिया’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. त्याचे नियम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले.

निदान, प्रतिबंध किंवा उपचार यांसाठी मानवी नमुना तपासणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेला हा कायदा लागू आहे. जी संशोधन प्रयोगशाळा व्यक्तिगत निकाल रुग्णाच्या उपचारासाठी देत नाही, तिला त्यातून सूट आहे. या भेदाचे परिणाम मोठे आहेत. विद्यापीठातील संशोधकाला एखाद्या कुटुंबातील रोगकारक जनुक सापडला, तरी क्लियाचे प्रमाणपत्र नसल्यास त्याने तो निष्कर्ष उपचारासाठी द्यावयाचा नसतो. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्याची फेरतपासणी करून घ्यावी लागते. एखाद्या जनुकावर प्रबंध लिहिणे आणि त्याच जनुकाचा अहवाल रुग्णाला देणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले आहे.

क्लियाने चाचण्यांची त्यांच्या जटिलतेनुसार वर्गवारी केली आहे. नेहमीच्या जनुकीय चाचण्या उच्च जटिलतेच्या गटात मोडतात. या गटातील प्रयोगशाळेचा संचालक पीएच.डी. असेल, तर त्याच्याकडे केंद्रीय आरोग्य विभागाने मान्य केलेल्या मंडळाचे प्रमाणपत्र असले पाहिजे. प्रारंभी याबाबत काही सवलत होती. २४ फेब्रुवारी २००३ पासून नव्या संचालकांना ही अट पूर्णतः लागू झाली. तेव्हापासून पीएच.डी.धारकाच्या दृष्टीने मंडळाचे प्रमाणपत्र हे संचालकपदाचे प्रवेशद्वारच ठरले.

मंडळाची स्थापना

जनुकीय निदान ही तुलनेने तरुण विद्याशाखा आहे. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे ज्यो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये दाखविले. डाऊन सिंड्रोमच्या रुग्णांत २१ व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते, हे १९५९ मध्ये जेरोम लेजून आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. पुढच्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या पद्धतीने नवजात बालकांच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून फेनिलकीटोन्युरिया या चयापचयाच्या आजाराची सामुदायिक तपासणी सुरू झाली. प्रयोगशाळांची संख्या वाढली. त्यांच्या प्रमुखांची पात्रता मोजण्याचे समान माप मात्र नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९८० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल जेनेटिक्स’ची स्थापना झाली आणि १९८२ मध्ये पहिल्या परीक्षा घेण्यात आल्या. सुरुवातीला जनुकीय समुपदेशकांनाही हेच मंडळ प्रमाणपत्र देत असे. १९९१ मध्ये वैद्यकीय विशेष शाखांच्या अमेरिकी महासंघाने मंडळाला सदस्यत्व दिले. त्यानंतर समुपदेशकांसाठी स्वतंत्र मंडळ निर्माण झाले. पुढे संपूर्ण जनुकसंचाचा अभ्यास चिकित्सेत आला, तेव्हा मंडळाच्या नावात ‘जिनोमिक्स’ या शब्दाची भर पडली. आज ते ‘अमेरिकन बोर्ड ऑफ मेडिकल जेनेटिक्स अँड जिनोमिक्स’ या नावाने, संक्षेपाने ‘एबीएमजीजी’ म्हणून ओळखले जाते.

साधर्म्य असलेल्या नावांमुळे मंडळ आणि ‘अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल जेनेटिक्स अँड जिनोमिक्स’ यांची गल्लत होते. कॉलेज ही १९९१ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिक संघटना असून ती मार्गदर्शक तत्त्वे तयार करते. परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचे काम मंडळाचे आहे.

शाखा कोणत्या?

रुग्णांना तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी मंडळाची ‘क्लिनिकल जेनेटिक्स’ ही शाखा आहे. प्रयोगशाळेच्या बाजूला पूर्वी तीन स्वतंत्र शाखा होत्या. गुणसूत्रांची संख्या आणि रचना पाहणारी पेशीजनुकशास्त्राची, डीएनएतील बदल पाहणारी रेणवीय जनुकशास्त्राची आणि अमिनो आम्ले, सेंद्रिय आम्ले, विकरे यांच्या मोजमापातून जन्मजात चयापचय विकार ओळखणारी जैवरासायनिक जनुकशास्त्राची. एका शाखेसाठी दोन वर्षे आणि दुसरी जोडायची असल्यास आणखी एक वर्ष, असा प्रशिक्षणाचा हिशेब असे.

तंत्रज्ञानाने पहिल्या दोन शाखांमधील भिंत पाडली. सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणारे गुणसूत्रांचे लहान तुकडे मायक्रोअॅरे या तंत्राने दिसू लागले. मतिमंदत्व, स्वमग्नता किंवा जन्मजात व्यंगे असलेल्या मुलांसाठी २०१० मध्ये त्याची पहिली चाचणी म्हणून शिफारस झाली. पाठोपाठ नव्या पिढीच्या क्रमनिर्धारण यंत्रांनी हजारो जनुके एकाच वेळी वाचण्याची सोय केली. तुकडा गहाळ आहे की एक अक्षर बदलले आहे, हे आता अनेकदा एकाच चाचणीतून कळते. त्यामुळे पेशीजनुकशास्त्र आणि रेणवीय जनुकशास्त्र एकत्र करून ‘लॅबोरेटरी जेनेटिक्स अँड जिनोमिक्स’ ही संयुक्त शाखा तयार करण्यात आली. तिचे प्रशिक्षण २०१७ पासून सुरू झाले. जुनी प्रमाणपत्रे असलेले तज्ज्ञ आपापल्या शाखेत काम करीत आहेत. नव्या उमेदवारापुढे मात्र ही संयुक्त शाखा किंवा जैवरासायनिक जनुकशास्त्र, असे दोन पर्याय आहेत.

या एकत्रीकरणामुळे उमेदवारावरचा भार वाढला. पूर्वी दोन शाखांसाठी तीन वर्षे मिळत. आता तोच आवाका दोन वर्षांत पूर्ण करावा लागतो. गुणसूत्रांच्या पट्ट्या डोळ्यांनी ओळखण्याचे जुने कौशल्य वेळ मागते आणि संगणकीय विश्लेषणाचे नवे कौशल्यही तितकाच वेळ मागते. रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारांत गुणसूत्रांचे प्रत्यक्ष निरीक्षण अद्याप टळलेले नसल्याने पहिले सोडून केवळ दुसरे शिकणे शक्य नाही.

पात्रता आणि प्रशिक्षण

या प्रशिक्षणासाठी वैद्यकीय पदवी किंवा जनुकशास्त्र, मानवी जनुकशास्त्र वा निकटच्या विषयातील पीएच.डी. आवश्यक असते. पीएच.डी.धारकाला अमेरिकेतील वैद्यकीय परवान्याची परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकेबाहेर मिळविलेल्या पदवीची समकक्षता तपासून घ्यावी लागते. केवळ एम.एस्सी. किंवा तंत्रज्ञ म्हणून केलेल्या अनेक वर्षांच्या कामावर या मंडळाच्या परीक्षेला बसता येत नाही.

प्रशिक्षण मान्यताप्राप्त कार्यक्रमातच झाले पाहिजे. दोन वर्षांच्या पूर्णवेळ फेलोशिपमध्ये उमेदवार प्रयोगशाळेच्या निरनिराळ्या विभागांत काम करतो. नमुना स्वीकारण्यापासून अहवाल पाठविण्यापर्यंतचा प्रवास तो प्रत्यक्ष पाहतो, चाचणीची अचूकता सिद्ध करण्याचे काम शिकतो आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली अहवालांचे मसुदे तयार करतो. रुग्णांच्या बाह्यरुग्ण विभागातील उपस्थिती हाही प्रशिक्षणाचा भाग आहे. अहवाल वाचणाऱ्या डॉक्टरला आणि ऐकणाऱ्या आईवडिलांना काय समजते, हे पाहिल्याशिवाय अहवाल लिहिता येत नाही, अशी त्यामागची भूमिका आहे. हाताळलेल्या प्रकरणांची नोंद ठेवणे हाही या शिक्षणाचा प्रस्थापित भाग आहे.

संशोधनातून येणाऱ्या उमेदवाराला हा बदल सुरुवातीला जड जातो. संशोधनात एकच जनुक वर्षानुवर्षे अभ्यासला जातो. येथे एकाच दिवशी स्नायूंचा क्षय, बहिरेपणा आणि स्तनाचा कर्करोग अशा तीन निरनिराळ्या आजारांचे नमुने समोर येतात. संशोधनात ‘आणखी अभ्यास हवा’ असे लिहून थांबता येते. येथे गर्भारपणाचे आठवडे पुढे सरकत असतात आणि ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे लागते.

परीक्षा आणि नूतनीकरण

मंडळाची परीक्षा संगणकावर घेतली जाते आणि परंपरेने ती दर दोन वर्षांनी होते. एक भाग सर्व शाखांच्या उमेदवारांना समान असतो. त्यात आनुवंशिकतेचे नियम, लोकसंख्येतील जनुकांचे प्रमाण, धोक्याची संभाव्यता काढण्याचे गणित, जनुकीय आजारांची लक्षणे आणि उपचार यांचा समावेश होतो. दुसरा भाग स्वतःच्या शाखेचा असतो. प्रमाणपत्रासाठी दोन्हींत उत्तीर्ण व्हावे लागते. प्रयोगशाळेतच राहणाऱ्या पीएच.डी.धारकानेही रुग्णाची लक्षणे ओळखावीत आणि रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरनेही प्रयोगशाळेतील तंत्रांच्या मर्यादा जाणाव्यात, हा समान परीक्षेचा हेतू दिसतो.

दोन परीक्षांमध्ये दीर्घ अंतर असल्याने एका अपयशाची किंमत मोठी असते. पात्रतेचा कालावधीही अमर्याद नसतो. १९९३ पासून दिलेली प्रमाणपत्रे मुदतीची असून त्यांच्या धारकांना सतत अध्ययन करून प्रमाणपत्र टिकवावे लागते. ज्या शास्त्रात दहा वर्षांपूर्वीचे पाठ्यपुस्तक जुने ठरते, तेथे आजन्म प्रमाणपत्र देणे योग्य ठरले नसते.

अन्य मार्ग आणि राज्यांचे परवाने

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे प्रवास संपला, असे नाही. न्यूयॉर्क राज्यात प्रत्येक चाचणीगटासाठी संचालकाला राज्य आरोग्य विभागाचे स्वतंत्र पात्रतापत्र घ्यावे लागते. त्या राज्यातील रुग्णांचे नमुने तपासणाऱ्या परराज्यातील प्रयोगशाळांनाही तेथील परवाना आवश्यक असतो. कॅलिफोर्नियाची परवाना पद्धतीही स्वतंत्र आहे. त्यामुळे देशभरातून नमुने स्वीकारणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळा नेमणूक करतानाच उमेदवार या राज्यांच्या अटी पूर्ण करतो की नाही, हे पाहतात.

डॉक्टरांसाठी आणखी वाटा आहेत. विकृतिशास्त्रातील प्रमाणपत्र असलेला डॉक्टर क्लियाखाली संचालक होऊ शकतो. विकृतिशास्त्र किंवा वैद्यकीय जनुकशास्त्र यांपैकी एका शाखेतून येऊन ‘मॉलिक्युलर जेनेटिक पॅथॉलॉजी’ ही उपशाखा करता येते. तिची पहिली परीक्षा २००१ मध्ये झाली. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवविश्लेषण यांसारख्या क्षेत्रांतील काही अन्य मंडळांनाही क्लियाने मान्यता दिली आहे. मात्र कायद्याने पात्र असणे आणि जनुकीय अहवालाचा अर्थ लावण्यास समर्थ असणे यांत अंतर असू शकते. जनुकीय प्रयोगशाळा एबीएमजीजीच्या प्रमाणपत्राला प्राधान्य देतात, ते याच कारणाने.

एका शब्दाचे वजन

जनुकीय बदलांचे वर्गीकरण करण्यासाठी कॉलेजने आणि ‘असोसिएशन फॉर मॉलिक्युलर पॅथॉलॉजी’ने २०१५ मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यानुसार प्रत्येक बदल पाचपैकी एका गटात घातला जातो. रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी. ‘बहुधा’ हा शब्द वापरण्यासाठी ९० टक्क्यांहून अधिक खात्री असावी, अशी अपेक्षा आहे. समाजातील प्रमाण, कुटुंबातील वहन, प्रथिनावरील परिणाम असे निरनिराळे पुरावे तोलून हा निर्णय घेतला जातो. तत्त्वे लेखी असली, तरी पुराव्याचे वजन ठरविताना दोन प्रयोगशाळांचे मत भिन्न पडू शकते.

चुकीच्या वर्गीकरणाचे परिणाम काय होतात, हे २०१६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील एका अभ्यासाने दाखविले. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात रोगकारक ठरविलेले काही बदल कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये सर्रास आढळणारे आणि निरुपद्रवी होते. मूळ अभ्यासांत त्या समाजातील पुरेशा निरोगी व्यक्तींचा समावेश नसल्याने ही चूक झाली. आजार नसलेल्यांना आजाराचे कारण सापडल्याचे सांगितले गेले होते.

दुसरे उदाहरण न्यायालयातील आहे. दक्षिण कॅरोलायनातील एका दोन वर्षांच्या मुलाचा २००८ मध्ये आकडीच्या आजाराने मृत्यू झाला. आदल्या वर्षीच्या जनुकीय अहवालात त्याच्यातील बदल ‘अर्थ अनिश्चित’ या गटात टाकला होता. तो रोगकारक ठरविला असता, तर उपचार बदलले असते, असा दावा कुटुंबाने पुढे केला. प्रयोगशाळेने तो नाकारला. या प्रकरणातून निघालेल्या एका कायदेशीर प्रश्नावर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. डॉक्टरांच्या सूचनेवरून निदानासाठी चाचणी करणारी जनुकीय प्रयोगशाळा राज्याच्या कायद्यानुसार परवानाधारक आरोग्यसेवा पुरवठादार ठरू शकते, असे न्यायालयाने म्हटले. या दर्जामुळे वैद्यकीय निष्काळजीपणाविषयीचे नियम आणि दाव्याच्या मुदतीही प्रयोगशाळेला लागू होतात. मूळ दाव्यातील दोषाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी प्रयोगशाळेने अहवालात लिहिलेल्या शब्दाकडे कायदा वैद्यकीय कृती म्हणून पाहू शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

सही आणि उपस्थिती

संचालकाच्या नावाचा उपयोग केवळ कागदापुरता झाल्यास काय होते, याचा धडा जनुकीय क्षेत्राबाहेरच्या थेरॅनॉस प्रकरणाने दिला. थेंबभर रक्तात अनेक चाचण्या करण्याचा दावा करणाऱ्या या कंपनीच्या प्रयोगशाळेचे संचालकपद २०१४ च्या अखेरीस एका त्वचारोगतज्ज्ञाकडे देण्यात आले. त्या पदावरच्या काही महिन्यांत आपण प्रयोगशाळेत केवळ दोनदा गेलो, अशी साक्ष त्याने २०२१ मध्ये न्यायालयात दिली. २०१६ मध्ये केंद्रीय यंत्रणेने कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेचे क्लिया प्रमाणपत्र रद्द केले आणि संस्थापिकेवर प्रयोगशाळा चालविण्यास दोन वर्षांची बंदी घातली.

क्लियाच्या कर्मचारीविषयक नियमांत २०२३ च्या अखेरीस मोठी सुधारणा झाली आणि ती २८ डिसेंबर २०२४ पासून अमलात आली. संचालकाने दर सहा महिन्यांत किमान एकदा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हजर राहावे आणि दोन भेटींत किमान चार महिन्यांचे अंतर असावे, असे आता बंधन आहे. विकृतिशास्त्राचे प्रमाणपत्र नसलेल्या नव्या संचालकांना जबाबदाऱ्यांविषयीचे २० तासांचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. मंडळाच्या प्रमाणपत्राला संचालन किंवा पर्यवेक्षणाच्या अनुभवाची जोडही अपेक्षित आहे. एका व्यक्तीला जास्तीत जास्त पाच प्रयोगशाळांचे संचालकपद घेता येते, ही मर्यादा पूर्वीपासूनच आहे.

प्रयोगशाळेच्या कामगिरीची पडताळणी करण्यासाठी बाहेरून अज्ञात नमुने पाठविले जातात. ते रुग्णांच्या नमुन्यांप्रमाणेच तपासायचे असतात. असा नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवून उत्तर पडताळून घेणे निषिद्ध असून त्यासाठी प्रमाणपत्र गमावण्याची वेळ येऊ शकते. प्रमाणपत्र रद्द झाल्यास मालक आणि संचालक यांना दोन वर्षे अन्य प्रयोगशाळा चालविता येत नाही. सहीचा अधिकार जितका मोठा, तितकी त्याची किंमतही मोठी ठेवली आहे.

भारतीय विद्यार्थ्यांसाठी

महाराष्ट्रातून पीएच.डी.साठी अमेरिकेत गेलेल्या विद्यार्थ्यांपुढे प्राध्यापकी आणि औषध कंपन्यांतील संशोधन यांशिवायचा हा एक पर्याय आहे. इच्छुकांनी पीएच.डी.च्या काळातच एखाद्या रोगनिदान प्रयोगशाळेत काही दिवस निरीक्षक म्हणून काढावेत, मानवी जनुकशास्त्राचे अभ्यासक्रम घ्यावेत आणि प्रबंधाचा विषय मानवी आजारांच्या जवळचा ठेवावा. फेलोशिपच्या जागा मर्यादित असतात. संस्था कोणत्या प्रकारचा व्हिसा देते, याची चौकशी अर्ज करण्यापूर्वीच करणे श्रेयस्कर. अटी आणि वेळापत्रक बदलत असल्याने मंडळाच्या अधिकृत सूचनाच प्रमाण मानाव्यात.

भारतात परतण्याचा विचार असल्यास येथील चौकट निराळी आहे, हे ध्यानात घ्यावे. लखनौची संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था, दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था अशा मोजक्या ठिकाणी डॉक्टरांसाठी वैद्यकीय जनुकशास्त्रातील डी.एम. पदवी उपलब्ध आहे. प्रयोगशाळांना राष्ट्रीय मंडळाकडून, म्हणजे ‘एनएबीएल’कडून मिळणारे मानांकन सामान्यतः ऐच्छिक असते. प्रयोगशाळेच्या अहवालावर विकृतिशास्त्रातील पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच प्रतिस्वाक्षरी हवी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ च्या निर्णयात मान्य केली. पीएच.डी.धारक जनुकशास्त्रज्ञाला अमेरिकेत मिळणारे स्थान त्यामुळे येथे आपोआप मिळत नाही.

आणखी एक भेद लक्षणीय आहे. अमेरिकेत गर्भाच्या गुणसूत्रांच्या अहवालात लिंग लिहिणे ही सामान्य बाब आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये केला आणि १९९४ मध्ये केंद्रीय कायदा आला. त्यामुळे येथील जनुकीय प्रयोगशाळेला नोंदणी करावी लागते आणि गर्भाचे लिंग कोणत्याही रूपात कळविता येत नाही. तीच चाचणी, तेच यंत्र. परंतु अहवालातील एक ओळ एका देशात नेहमीची आणि दुसऱ्या देशात गुन्हा ठरते. सही करणाऱ्याला शास्त्राइतकाच समाजही माहीत असावा लागतो, तो असा.

भारतीय वंशाच्या तज्ज्ञांची गरज शास्त्रीय कारणांसाठीही आहे. हृदयस्नायूशी संबंधित ‘एमवायबीपीसी३’ या जनुकातील २५ अक्षरांची एक त्रुटी दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळते, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय वंशाच्या लोकांत ती दुर्मिळ असल्याने केवळ पाश्चात्त्य आकडेवारीच्या आधारे तिचे वजन ठरविता येत नाही. भारतातील १० हजार व्यक्तींच्या जनुकसंचांची ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पातील माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांसाठी खुली करण्यात आली. अशी माहिती वाढेल, तसे भारतीय रुग्णांच्या अहवालांतील ‘अर्थ अनिश्चित’ हे शब्द कमी होण्यास मदत होईल.

मंडळाचे प्रमाणपत्र चूक होणारच नाही याची हमी देत नाही. अहवालामागे एक नामनिर्देशित, प्रशिक्षित आणि उत्तरदायी व्यक्ती आहे, एवढे ते सांगते. पीएच.डी.नंतरची दोन वर्षे, परीक्षेची प्रतीक्षा, राज्यांचे परवाने आणि पुढची अखंड तपासणी हा मार्ग लांबचा आहे. अहवाल हाती घेऊन बसलेल्या कुटुंबाला या पायऱ्यांची कल्पना नसते. तळाशी असलेल्या सहीवर ते विश्वास ठेवते आणि त्याच विश्वासासाठी ही सारी पूर्वतयारी असते.